कोंबड्या एकमेकींना टोचतात, पिसं उपटतात, अंगावर येतात: आधी काय तपासायचं

"काका, आमची एक कोंबडी फार खुनशी आहे. तिचं काय करू?"

महिन्यातून दोनदा तरी हा फोन येतो. पुण्यात धायरीला माझ्या परसात ११ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. नऱ्हे, किरकटवाडी, वारजे, कुठेही कुणाच्या कोंबड्या भांडायला लागल्या की कुणीतरी माझा नंबर देतं. टेलिफोन खात्यात २८ वर्षं फॉल्ट शोधले. तिथे लागलेली एक सवय अजून सुटलेली नाही: रस्ता खणायच्या आधी घरातली वायर खोबणीतून निसटलीय का ते बघायचं. कोंबड्यांच्या बाबतीत 'स्वभाव' हा तो रस्ता. खणायची वेळ क्वचित येते.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे नेमकं काय दिसतंय ते आधी ठरवा. पुढची निम्मी वाट त्यावरच ठरते.

- शेपटीच्या बुडाशी, पाठीवर किंवा पोटाखाली पिसं गेलीत, गुलाबी कातडी उघडी पडलीय. डोकं मात्र साफ.
- तुऱ्यावर, डोळ्याजवळ टोचे, सुकलेल्या रक्ताचे काळे ठिपके.
- पाठीवर दोन्ही बाजूंना सारखीच पिसं झिजलीत आणि घरात कोंबडा आहे. (हे भांडण नव्हे. ती कोंबड्याची लाडकी आहे, एवढाच अर्थ.)
- एक कोंबडी दिवसभर खुराड्याच्या टपावर. बाकीच्यांचं आटोपल्यावर खाली येऊन उरलंसुरलं खाते.
- शेपटीखाली, जिथून अंडं बाहेर येतं तिथे टोचलंय, रक्त आहे. हे दिसलं तर खालचं काही वाचत बसू नका. तिला आत्ताच्या आत्ता वेगळी करा आणि थेट शेवटच्या भागाकडे या.
- अंडी फुटलेली, कवचं गायब, घरट्यातला भुसा चिकट.
- घरट्यात बसलेली कोंबडी हात नेला की फुगते, गुरगुरते, चावते.
- कोंबडा मागून येऊन पोटरीवर झेप घेतो.
- अंधार पडत आला तरी एकही कोंबडी खुराड्यात जायला तयार नाही.

पहिली दोन लक्षणं सारखी वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. डोक्यावरचे टोचे म्हणजे भांडण. कोंबड्यांच्या कळपात कुणी कुणाला टोचायचं याचा क्रम ठरलेला असतो. लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या थोर्लेफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसाने १९२१ च्या सुमारास तो पहिल्यांदा शास्त्रशुद्ध मांडला. पहिल्या नंबरची सगळ्यांना टोचते, शेवटची कुणालाच नाही. क्रम एकदा ठरला की नुसती मान उंचावून काम भागतं, रक्त येत नाही. रक्त येतंय याचा अर्थ क्रम मोडलाय किंवा हरणारीला पळायला जागाच नाही.

पाठीवरची, शेपटीवरची पिसं जातात तेव्हा त्यात राग बहुतेक नसतोच. जमीन उकरायची, टोचून बघायची, काही सापडलं तर खायचं, हे कोंबडीच्या चोचीचं दिवसभराचं काम. ते काम मिळालं नाही किंवा खाण्यात काही कमी पडलं की चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. त्यामुळे 'खुनशी' म्हणून जिच्यावर बोट ठेवलेलं असतं ती पुष्कळदा निर्दोष निघते.

सगळ्यात स्वस्त तपासणी: स्टूल टाकून बसा

खर्च शून्य. चहा घेऊन बाहेर या आणि दोन वेळा वीस-वीस मिनिटं बसा. एकदा सकाळी पहिलं खाणं टाकल्यावर, एकदा संध्याकाळी त्या दांडीवर चढतात तेव्हा. मोबाईल आत ठेवा. पहिली पाच मिनिटं त्या तुमच्याकडेच बघत राहतात, मग विसरतात.

शोधायचं काय? जिचं टक्कल पडलंय ती फिर्यादी. जिची पिसं अगदी शाबूत, तुकतुकीत आहेत, तिच्यावर नजर ठेवा. तीच आरोपी असायची शक्यता जास्त.

सहकारनगरच्या एका घरातली गोष्ट. सहा कोंबड्या, त्यातल्या तिघींच्या पाठी सोललेल्या. घरच्यांचा संशय 'फौजदारीण' नावाच्या धिप्पाड तांबड्या कोंबडीवर. ती खाण्यावर येणाऱ्या प्रत्येकीला हुसकवायची, आरडाओरडा करायची. तिला खाटकाकडे द्यायचं जवळपास ठरलं होतं. मी बसलो. बाराव्या-तेराव्या मिनिटाला एक बारकी तपकिरी तलंग, अजून अंड्यावरही न आलेली, दुसरीच्या मागे येऊन उभी राहिली. मान तिरकी केली, एक पीस चिमटीत धरल्यासारखं धरलं आणि ओढलं. पुढची दचकून दोन पावलं सरकली, एवढंच. तलंगीने ते पीस चोचीत आडवं-उभं केलं आणि शेवई ओढावी तसं गिळून टाकलं. पुन्हा मागे जाऊन उभी. कसलाही आवाज नाही, भांडण नाही. फौजदारीण त्या वेळी परसाच्या दुसऱ्या टोकाला माती अंगावर घेत पडली होती.

पिसं गिळणारी कोंबडी दिसली की माझा मोर्चा सरळ खाण्याकडे वळतो. पण त्याच्याही आधी एक पैशाचाही खर्च नसलेली गोष्ट आहे.

दुसरं भांडं

खाण्याचं भांडं एकच असेल तर त्याला राखण बसते. पहिल्या नंबरची उभी राहते आणि शेवटची उपाशी राहते. दुसरं भांडं ठेवा, पण पहिल्याच्या शेजारी नको. मधे कोपरा, झाड, पिंप काहीतरी आडवं हवं, म्हणजे एका ठिकाणी उभं राहून दोन्ही राखता येणार नाहीत. पाण्याचंही तेच. प्रत्येकीला भांड्याच्या काठाची निदान चार इंच जागा मिळाली पाहिजे.

पाण्याकडे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खास लक्ष द्या. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट सहज. पारा ३८-४० वर गेला आणि खुराडं गच्चीवर पत्र्याखाली असलं की शांत कोंबड्याही एकमेकींवर तुटून पडतात. शेडनेट लावा, पत्र्यावर ओलं गोणपाट टाका, पाणी सावलीत ठेवा आणि दुपारी एकदा बदला. उन्हाळ्यात आलेल्या निम्म्या तक्रारी माझ्याकडे इथेच मिटतात.

खाणं

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण शहरातल्या कोंबड्यांची खरी गोम इथे आहे.

माझी आई भोरकडे कोंबड्या पाळायची, तेव्हा त्यांना मूठभर बाजरी आणि उष्टं-खरकटं पुरायचं, हे खरं. पण त्या दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात, बांधावर किडे, गांडुळं, टोळ, वाळवी खात फिरायच्या. बाजरी नुसतं तोंडी लावणं. आपल्या परसातली कोंबडी बांधावर जात नाही. तिला आपण पोळीचे तुकडे, शिळा भात, तांदळाची कणी आणि ब्रेड देतो. पोट भरतं. पण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, आणि एका अंड्यातही सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन जातं. ते पोळीतून कुठून येणार? मग ती जिथे दिसेल तिथून घेते. सहकारनगरच्या त्या तलंगीला रोज तूप लावलेली पोळी कुस्करून मिळत होती. आजी प्रेमाने घालायच्या, त्यांना सांगताना मलाच वाईट वाटलं.

करायचं असं. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना लेअर खाद्य द्या. पोत्यावरचं लेबल वाचा, प्रथिनं १६ ते १८ टक्के हवीत. एक कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते. घरातलं बाकी काहीही द्या, पण दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर नको आणि तेही दुपारनंतर, मूळ खाद्य पोटात गेल्यावर. पिसं गाळायच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटापासून थंडीपर्यंत, थोडं जास्त प्रथिन लागतं. उकडलेलं अंडं कुस्करून किंवा भिजवून, खारटपणा धुऊन काढलेली सुकट अधूनमधून द्या. (सुकट घातली की गल्लीतली सगळी मांजरं हजर होतात, ती तयारी ठेवा.) या दिवसांत अंडी थांबतात आणि कोंबडी अंगाला हात लावू देत नाही. नवं फुटणारं पीस नळीसारखं असतं, आत रक्त असतं, दाबलं की दुखतं. ती माणूसघाणी झालेली नाही, ठणकतंय तिला.

दोन गोष्टी मात्र पाळाच. लेअर खाद्यात अंड्याच्या कवचासाठी भरपूर कॅल्शियम असतं. ते पिल्लांना किंवा तलंगांना महिनोन्महिने घातलं तर मूत्रपिंडं खराब होतात. अंड्यावर येईपर्यंत ग्रोअर खाद्यच द्या. आणि पावसाळ्यात खाद्याचं पोतं जमिनीवर ठेवू नका. ओल लागून गठ्ठे झाले, कुबट वास आला की ते फेकायचं, उन्हात वाळवून परत घालायचं नाही. बुरशीचं विष वाळवून जात नाही.

अंडी फोडून खाण्याची खोडही पुष्कळदा पातळ कवचातून सुरू होते. चुकून एक फुटतं, चव कळते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, अंडी दिवसातून दोनदा उचला आणि घरट्यात भुशाची गादी जाड ठेवा.

खाणं बदललं तरी आठवड्यात चमत्कार होत नाही. त्या तलंगीचं पिसं ओढणं पूर्ण थांबायला तीन आठवडे लागले. मुळापासून उपटलेली पिसं त्यानंतर फुटायला लागली. अर्धवट तुटलेली असतील तर पुढच्या पीसगळीपर्यंत तशीच राहतात. तेव्हा टक्कल दिसतंय म्हणून टोचणं चालूच आहे असं समजू नका.

चोचीला काम

पुण्यातल्या नव्या बंगल्यांची एक खोड मला कळत नाही: अंगणभर पेव्हर ब्लॉक. झाडाभोवती वीतभर माती सोडतात ती पण खडीने झाकतात. अशा अंगणात कोंबडी उकरणार काय?

एक जुना टायर किंवा मोठं घमेलं घ्या. त्यात कोरडी माती, चुलीची किंवा कोळशाची चाळलेली राख आणि थोडी वाळू भरा. पावसात भिजणार नाही अशा जागी ठेवा. कोंबड्या त्यात लोळून अंगावर धूळ घेतात. ती त्यांची आंघोळ, पिसांमधले किडे त्यानेच कमी होतात. खुराड्यात तळाला तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं जाड टाका आणि संध्याकाळी मूठभर बाजरी त्यात उधळून द्या, भांड्यात नको. कोबीचा एक गड्डा किंवा मेथीची जुडी सुतळीने त्यांच्या डोक्याच्या जरा वर टांगा. तासभर उड्या मारत बसतात. दहा रुपयांच्या कोबीने थांबलेली भांडणं मी पाहिली आहेत.

पोल्ट्रीतून काढलेल्या लेअर कोंबड्या आणल्या असतील तर थोडा धीर धरा. त्यांचं आयुष्य पिंजऱ्यात गेलेलं असतं, चोचीची टोकं कापलेली असतात, मातीवर पाय पहिल्यांदाच पडतो. उकरायचं असतं हे उमगायलाच त्यांना आठवडा-दोन आठवडे जातात.

जागा, अंधार, घरटी

आत झोपायला एका कोंबडीला ३ ते ४ चौरस फूट, बाहेर फिरायला ८ ते १०. दांडीवर प्रत्येकीला आठ-दहा इंच. चार-पाच कोंबड्यांना एक घरटं. एवढं असलं की पुरे.

मात्र हा हिशोब पावसाळ्यात कोलमडतो. मे महिन्यात सगळं परस मोकळं असतं, जुलैत चिखल झाला की आपण त्यांना आत कोंडतो. त्याच कोंबड्या, तेच खुराडं, जागा चौथाई. तरी म्हणे पावसाळ्यात यांचा स्वभाव बिघडतो. निदान एका बाजूला ताडपत्रीचं छप्पर ओढून कोरडा ओटा करून द्या.

घरट्याला जुन्या गोणपाटाचा पडदा लावा. अंडं घातल्यावर आतला लाल ओला भाग काही क्षण बाहेर दिसतो, मग आपोआप आत जातो. घरटं उजेडात असेल तर तेवढ्या वेळात मागची तो लाल ठिपका टिपते. लक्षणांमधला तो भयंकर प्रकार पुष्कळदा असाच सुरू होतो, खासकरून पहिलीच मोठी अंडी घालणाऱ्या तलंगांमध्ये. पडद्याला खर्च शून्य.

रात्री खुराड्यावर पांढरा फोकस लावून ठेवू नका. चोराची भीती असेल तर कुलूप लावा. त्यांना झोपायला अंधार लागतो आणि झगझगीत उजेडात टोचाटोची वाढते. गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव आणि दिवाळीचे फटाके यांचं आपण काही करू शकत नाही. त्या दिवसांत मी खुराड्याच्या दोन बाजूंना जाड चादर लावतो आणि त्या आठवड्यात कुठलाही बदल करत नाही. अंडी चार-दोन कमी येतात, येऊ देत.

रात्रीची तपासणी: किडे

संध्याकाळी आत जायला नकार देतात, हे लक्षण ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा भाग वगळू नये.

लाल माइट नावाचा एक बारीक किडा दिवसा दांडीच्या फटीत, खिळ्याच्या भोकात लपतो आणि रात्री कोंबडीच्या अंगावर चढून रक्त पितो. दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही, म्हणूनच माणसं फसतात. रात्री साडेनऊ-दहाला टॉर्च घेऊन जा. पांढरा कागद किंवा फडकं दांडीच्या खालच्या बाजूने घासा. तांबडे डाग उमटले, राखेसारखे ठिपके हलताना दिसले की निदान झालं. दुसऱ्या प्रकारचे किडे आणि उवा अंगावरच राहतात. शेपटीखालची पिसं बाजूला करून बघा, पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गुच्छ दिसतात.

रात्रभर चावे खाल्लेली कोंबडी दिवसा चिडणार नाही तर काय? दांड्या काढून उकळतं पाणी ओता, कडक उन्हात ठेवा, फटी बुजवा, भिंतींना चुना मारा, भुसा सगळा बदला. आठवड्याने पुन्हा तेच करा, कारण अंडी उरलेली असतात. एवढ्याने आटोक्यात आलं नाही तर औषध डॉक्टरांना विचारून. कुत्र्याचा पिसवांचा स्प्रे किंवा झुरळांचा फवारा मारायचा नाही. कोंबडीला विषबाधा होते, आणि तुम्ही तिची अंडी खाता हे विसरू नका.

आत न जाण्याचं दुसरं कारण म्हणजे रात्री कुणीतरी येतं. घूस, मुंगूस, उदमांजर, मांजर. जमिनीलगत उकरल्याच्या खुणा शोधा. जाळीची भोकं बोटापेक्षा मोठी नकोत.

नवीन कोंबडी आणलीय का?

हा प्रश्न मी खरं तर फोनवरच विचारतो. "हो, परवा आठवडे बाजारातून एक आणली. दिसायला छान होती."

एक आणली हीच चूक. एकटी नवी कोंबडी म्हणजे सगळ्यांचं एकच लक्ष्य. आणायच्या तर दोन आणा, आधीच्यांच्या साधारण आकाराच्या. तीन-चार आठवडे पूर्ण वेगळ्या ठेवा, भांडीसुद्धा वेगळी. बाजारातून मानमोडी (राणीखेत हा साथीचा रोग) घरी यायला एक कोंबडी पुरते. मग आठवडाभर मधे जाळी: दिसतील, पण टोचता येणार नाही. त्यानंतर रात्री अंधारात दांडीवर जुन्यांच्या शेजारी नेऊन बसवा आणि सकाळी लवकर उठून दोन ठिकाणी खाणं टाका. पुढचे चार-पाच दिवस तुऱ्यावर टोचे बसतील. रक्त नसेल तर मधे पडू नका. क्रम ठरवायचं काम त्यांचं आहे. तुम्ही दर वेळी सोडवायला धावलात तर ते रोज नव्याने सुरू होतं.

खुडूक

घरट्यात फुगून बसलेली, गुरगुरणारी, चावणारी कोंबडी आजारी नाही. ती खुडूक झालीय, अंडी उबवायला बसलीय. शहरात वाढलेल्यांना हे ठाऊक नसतं, वांझोट्या अंड्यांवर, नाहीतर रिकाम्या भुशावर ती आठवडे बसून राहते आणि वाळत जाते.

पिल्लं हवी असतील तर फळलेली अंडी ठेवा, २१ दिवस. नको असतील तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, भुसा न टाकता, उजेडात तीन-चार दिवस ठेवा. खाणं-पाणी नेहमीसारखं. पोटाखालून हवा लागली की अंग थंड पडतं आणि बसायची उबळ उतरते. गावाकडे पाण्यात बुचकळतात, तसलं काही करू नका.

आता स्वभाव

एवढं सगळं करून पाहिलं असेल तर आता स्वभावाबद्दल बोलायला हरकत नाही.

जातीचा फरक असतोच. असील मूळची झुंजीसाठी जोपासलेली जात. झुंजी लावणं १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण अंगातली खुमखुमी कायद्याने जात नाही. दोन असील कोंबड्यासुद्धा जुंपतात. गंमत म्हणजे माणसाशी हीच जात फार निवांत असते आणि पिल्लं सांभाळायला तिच्यासारखी आई नाही. कडकनाथ, ज्याला झाबुआच्या नावाने २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चपळ आणि बुजरा असतो. त्याला मांडीवर घ्यायचा हट्ट सोडा. पांढऱ्या लेगहॉर्न घाबरट, जरा खुट्ट झालं की छतावर. ऱ्होड आयलंड रेड धीट, पण खाण्याच्या भांड्यावर दादागिरी करतात. गिरीराज, वनराज अंगाने जड आणि बहुधा शांत. घरात लहान मुलं असतील तर मी याच सुचवतो.

आणि हो, एखादी खरंच त्रासदायक निघते. तिच्यासाठी उपाय एकच, आणि लोक नेमका उलटा करतात. मार खाणारीला बाजूला काढतात. ती चार दिवसांनी परत येते तेव्हा परकी झालेली असते आणि दुप्पट मार खाते. बाजूला काढायचं ते मारणारीला. डालग्याखाली नको, वेगळ्या पिंजऱ्यात, बाकीच्या दिसणार नाहीत अशा जागी, चार ते सात दिवस. तेवढ्यात मागचा क्रम पुन्हा बसतो आणि ती परत येते तेव्हा नवी म्हणून येते. माझी 'ढबी' सहा दिवसांनी परत आली, तर आधी तिच्याकडून मार खाणारी काळी तिच्यासमोर मान उंच करून उभी राहिली. ढबीने दोन क्षण बघितलं आणि गपचूप भुसा उकरायला लागली. माझी बायको खिडकीतून बघत होती, म्हणाली, "माणसांसाठीही असा पिंजरा हवा."

मार खाणारीला वेगळं काढायचं ते फक्त रक्त असेल तेव्हा. लाल दिसलं की सगळ्याच टोचतात, अगदी तिची मैत्रीणसुद्धा. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, वर जांभळं औषध लावा. लाल रंग झाकला जातो हा त्याचा अर्धा उपयोग.

कोंबड्याचं वेगळं आहे. पोटरीवर झेप घेणाऱ्याला लाथ मारली की त्याला वाटतं, लढत सुरू झाली. मी त्याला पकडतो, पंख दाबून काखेत धरतो आणि दहा मिनिटं तसाच धरून बाकीची कामं करतो. रोज एकदा, आठ-दहा दिवस. कोंबड्या किती आहेत तेही मोजा. पशुसंवर्धनच्या योजनेत तलंगांचा गट देतात तो २५ माद्या आणि ३ नर असा. पाच कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवाल तर कोंबड्यांच्या पाठी सोलल्या जाणारच. पण मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीला उडणारा कोंबडा ठेवू नका. पायामागचा काटा डोळ्यात गेला तर मग काही उपयोग नाही.

इथे थांबा, डॉक्टरांना गाठा

पुढचं काहीही दिसलं तर घरगुती उपाय बंद.

शेपटीखालून लाल मांस बाहेर आलंय आणि आत जात नाही. जखम खोल आहे, मांस दिसतंय, किंवा तिच्यात अळ्या वळवळतायत. पावसाळ्यात माशी बसली की दिवसभरातही हे होतं, वाट बघू नका. मान वाकडी, पाय लुळा, हिरवट-पांढरी हगवण, श्वासाला घरघर. पिल्लांच्या विष्ठेत रक्त. किंवा कारण न कळता एकापाठोपाठ कोंबड्या मरतायत. अशा वेळी मेलेली कोंबडी कापून बघायची नाही, नाल्यात फेकायची नाही, उरलेल्या घाईने विकायच्या नाहीत. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता तो आपल्याच राज्यात. हातमोजे घालून पिशवीत बांधा, परसात इतर कुणाला येऊ देऊ नका आणि लगेच कळवा.

चोच कापणं घरी करायचं नाही, कुणी कितीही सोपं आहे म्हटलं तरी. चोचीत नसा असतात, रक्त थांबत नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकणं हाही उपाय नव्हे. तुम्हाला कोंबड्याने खोल ओरबाडलं असेल तर साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आपल्या डॉक्टरांना विचारा.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी जा किंवा १९६२ ला फोन करा. पुण्यात मोठी सोय औंधला आहे: पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग तिथेच आहे. मेलेल्या पक्ष्याची तपासणी करायची असेल तर आधी फोन करून मगच न्या. मानमोडीची लस तुमच्या कोंबड्यांना झालीय का हे ते पहिलं विचारतात, तेव्हा तारीख लिहून ठेवलेली असू द्या. सोबत ताज्या विष्ठेचा नमुना झाकणाच्या डबीत, खाद्याच्या पोत्यावरच्या लेबलचा फोटो आणि गेल्या दोन आठवड्यांत रोज किती अंडी आली तो आकडा न्या. कोंबडी पुठ्ठ्याच्या खोक्यात न्यायची, वर हवेला भोकं, तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर. रिक्षात बसायच्या आधीच आत काय आहे ते सांगून टाका. एकदा मी सांगितलं नाही, आणि म्हात्रे पुलावर ती आतून ओरडली.